घर आणि मंडळी
(शास्त्राभ्यास : इफिसकरांस पत्र, अध्याय ५, वचनें २१ ते ३३)



आपणांपैकीं पुष्कळजण अद्यापि विवाहाच्या वयास पोंचलेले नाहींत, आणि मंडळीच्या कारभारांत तर आपणांस कोणी विचारीतहि नाहीं. मग हा पाठ आपणांपुढें कां ठेवावा, अशी शंका कोणाच्याहि मनांत येईल. तिचें उत्तर असें कीं, पुरांत पडल्यावर पोहणें शिकतां येत नाहीं. विवाहाच्या दिवशीं जें वचन आपण देणार, तें पाळण्याची संवय त्यापूर्वीं पुष्कळ वर्षें लागत असते. ती आईबापांच्या घरीं लागते, वसतिगृहांत लागते, खेळाच्या मैदानावर व रविवारच्या उपासनेंत लागते. तेथें ती लागली नाहीं, तर वेदीपुढें उभें राहून उच्चारलेल्या चार शब्दांनीं ती एकाएकीं लागत नाहीं.

ख्रिस्ती विवाहाच्या प्रसंगीं इफिसकरांस पत्राचा पांचवा अध्याय पुष्कळदां वाचला जातो. तो आपण ऐकला असेल. कदाचित् पंगतीच्या वासाकडे लक्ष असतां ऐकला असेल! आज तो सावकाश वाचूं. प्रथम बायबल उघडून वर दिलेला भाग मनांत वाचावा, आणि मग हा लेख पुढें वाचावा.

१. पाठाचा आरंभ कोठें होतो?

बहुधा हा पाठ बाविसाव्या वचनापासून वाचतात. पत्नींनीं आपापल्या पतींच्या अधीन असावें, असा त्या वचनाचा आशय आहे. परंतु त्याच्या लगेच मागें एकविसावें वचन आहे. ख्रिस्ताविषयींच्या आदरानें सर्वांनीं एकमेकांच्या अधीन असावें, असा त्याचा आशय. हें वचन केवळ स्त्रियांना उद्देशून नाहीं, केवळ पुरुषांनाहि नाहीं. तें सगळ्या मंडळीला उद्देशून आहे. मूळ ग्रीक भाषेंत तर या दोन वचनांचा सांधा इतका घट्ट आहे कीं, कांहीं अतिप्राचीन हस्तलिखितांतून बाविसाव्या वचनांत क्रियापदच आढळत नाहीं. तें वाचकानें मागच्या वचनांतून घ्यावयाचें असतें. मागचें वचन झांकून ठेविलें तर पुढचें वाक्य व्याकरणानें देखील पुरें होत नाहीं. मग तें अर्थानें कसें पुरें व्हावें?

येथें स्वतःची एक गोष्ट सांगतों. ती अभिमानानें सांगावी अशी नाहीं. विवाहानंतरच्या पहिल्याच वर्षीं माझ्या पत्नीच्या आईचें दुखणें वाढल्याचें पत्र आलें. वार्षिक परीक्षा जवळ आली होती, आणि घरीं माझे वृद्ध वडील होते. “परीक्षा आटोपल्यावर जाऊं,” असें मीं सांगितलें. तिनें दुसऱ्यांदा विचारलें, तेव्हां मीं तिला हें बाविसावें वचन ऐकविलें. ती कांहीं बोलली नाहीं. आठ दिवस घरांत कामापुरतें बोलणें चाललें. नवव्या दिवशीं सायंप्रार्थनेच्या वेळीं वाचनाची पाळी तिची होती. तिनें पुस्तक उघडलें आणि विचारलें, “जरा मागून वाचूं का?” मग एकविसाव्या वचनापासून तिनें तो सबंध भाग वाचला. पतींना उद्देशून लिहिलेलीं वचनें तिनें आवाज न चढवितां, इतर वचनांसारखींच वाचलीं. मला मात्र तीं जन्मांत प्रथमच ऐकूं आलीं असें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या मोटारीनें आम्ही दोघेंहि निघालों. आम्ही पोंचलों तेव्हां सासूबाई जिवंत होत्या. परंतु त्यांची वाचा गेली होती, आणि त्या मुलीला ओळखीत नव्हत्या. शेजारच्या एका बाईंनीं सांगितलें कीं, चार दिवसांपूर्वीं पर्यंत त्या मुलीचें नांव घेऊन दाराकडे पाहत होत्या. ते आठ दिवस मला परत देतां आले नाहींत. माझ्या पत्नीनें त्यांचा उल्लेख आजवर एकदांहि केलेला नाहीं. म्हणूनच तो मीं करणें योग्य होय.

२. ज्याचें वाक्य त्यानें वाचावें

माझी चूक कोणती होती? वचन खोटें नव्हतें. पण तें माझें नव्हतें. तें दुसऱ्याच्या नांवें आलेलें पत्र होतें, आणि मीं तें फोडून मोठ्यानें वाचलें. माझ्या नांवें आलेलें पत्र तसेंच बंद राहिलें होतें.

हें नीट कळण्यासाठीं त्या काळाकडे थोडें पाहिलें पाहिजे. ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल यानें आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच भागांत घराचे तीन संबंध सांगितले आहेत : धनी व दास, पति व पत्नी, पिता व संतति. त्याचें विवेचन गृहस्वामीच्या बाजूनें चालतें. या तिघांवर सत्ता कशी चालवावी, हा त्यांतील प्रश्न. रोमी कायद्यांतहि कुटुंबप्रमुखाची सत्ता फार मोठी मानलेली होती. इफिसकरांस पत्रांत हेच तीन संबंध त्याच जोड्यांनीं आले आहेत. परंतु त्यांत तीन फरक आहेत, आणि ते वहींत उतरून घेण्याजोगे आहेत.

पहिला फरक असा कीं, येथें पत्नी, मुलें व दास यांच्याशीं प्रत्यक्ष बोललें आहे, आणि तेंहि आधीं. ज्यांच्याविषयीं इतर लेखक बोलत, त्यांच्याशीं प्रेषित बोलतो. तो त्यांना स्वतःच्या बुद्धीनें निर्णय करणारीं माणसें समजतो. दुसरा फरक असा कीं, पतीला ‘सत्ता चालव’ असें या भागांत कोठेंहि सांगितलेलें नाहीं. ‘प्रीति कर’ असें सांगितलें आहे. वचनें मोजून पाहा : पत्नींना उद्देशून तीन आहेत, पतींचें प्रकरण मात्र पंचविसाव्या वचनापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत, म्हणजे नऊ वचनें चालतें. तिसरा फरक मापाचा. पतीनें प्रीति किती करावी? ख्रिस्तानें मंडळीसाठीं स्वतःला दिलें, तितकी. ज्याला मस्तक म्हटलें आहे, त्याच्यापुढें सिंहासन ठेविलेलें नाहीं. वधस्तंभ ठेविला आहे.

यावरून वाचनाचा एक नियम निघतो, आणि या सर्व लेखाचें सार तोच आहे : ज्याला उद्देशून वाक्य लिहिलें असेल त्यानें तें वाचावें, दुसऱ्याचें वाक्य घेऊन त्याच्या अंगावर जाऊं नये. ‘पतीनो, पत्नींना अधीन करा,’ असें वचन नाहीं. ‘पत्नींनो, पतींकडून प्रीति वसूल करा,’ असेंहि नाहीं. अधीनता म्हणजे आपण होऊन खालची जागा घेणें. ती घेतां येते, घेववितां येत नाहीं. प्रीतीचेंहि तसेंच.

हा नियम मोडल्यानें केवढा अनर्थ झाला, हें इतिहास सांगतो. सहाव्या अध्यायांत दासांना उद्देशून कांहीं वचनें आहेत. अमेरिकेंत १८६५ सालीं दास्य कायद्यानें बंद झालें. तोंपर्यंत तेथील कित्येक धनी व उपदेशक हींच वचनें दासांना वाचून दाखवीत. त्याच्याच पुढचें, धन्यांनीं धमकावणें सोडावें व आपणां दोघांचाहि धनी स्वर्गांत आहे हें स्मरावें, हें वचन त्यांच्या स्वतःच्या वाट्याचें होतें. तें वाचावयास त्यांना सवड झाली नाहीं.

आपल्या घरांतून देखील असें घडतें. कोणा भगिनीस मारहाण होत असतां ‘सहन कर, शास्त्र असें सांगतें’ म्हणून जे तिला परत पाठवितात, ते शास्त्र सांगत नाहींत, तें मोडतात. आपल्या देशांत कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला. त्याचा आश्रय घेणाऱ्या स्त्रीला मंडळीनें दोष देऊं नये. आपल्या देहाचा कोणी द्वेष करीत नाहीं, तर त्याचें पोषण करतो, या अर्थाचें एकोणतिसावें वचन जो पति रोज हातानें पुसून टाकतो, त्याच्या सोयीसाठीं बाविसावें वचन लिहिलेलें नाहीं.

३. एक दांपत्य

नियम समजला तरी तो चालतांना पाहावा लागतो. नव्या करारांत अक्विला व प्रिस्किल्ला या नांवाचें एक जोडपें आहे. अक्विला हा मूळचा पंत प्रांतांतील यहूदी. सम्राट् क्लौद्य यानें यहूद्यांना रोम सोडण्याची आज्ञा केली, तेव्हां तीं दोघें करिंथांत येऊन राहिलीं. राहुट्या करण्याचा त्यांचा धंदा होता. पौलाचाहि धंदा तोच. म्हणून तो त्यांच्या घरीं राहिला व त्यांच्याबरोबर काम करूं लागला. करिंथांत त्याचा मुक्काम दीड वर्ष झाला. मग तीं दोघें त्याच्याबरोबर इफिसास गेलीं.

ज्या नगराच्या नांवें आपला आजचा पाठ आहे, त्याच नगरांत हें घर होतें. तेथें अपुल्लो नांवाचा आलेक्सांद्रियाचा एक मोठा वक्ता आला. तो शास्त्रांत निपुण व आवेशी होता, परंतु त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याचें बोलणें सभास्थानांत ऐकून या दोघांनीं काय केलें? भरसभेंत उठून त्याची चूक काढली नाहीं. त्याला आपल्याकडे नेलें, आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. प्रेषितांचीं कृत्यें, अठरावा अध्याय, सव्विसावें वचन काढून पाहा. समजावून सांगणारीं दोघें आहेत; आणि प्राचीन हस्तलिखितांतून तेथें पत्नीचें नांव आधीं आलेलें आहे. एवढ्या विद्वानानें राहुट्या शिवणाऱ्या एका दांपत्याकडून शिकणें, ही त्याचीहि अधीनताच नव्हे काय?

नव्या करारांत या जोडप्याचा उल्लेख सहा वेळां येतो. त्यांतील चार वेळां प्रिस्किल्लेचें नांव प्रथम येतें, दोन वेळां अक्विलाचें. एकट्याचें कोणाचेंच येत नाहीं. पौलासाठीं त्यांनीं आपला जीव धोक्यांत घातला होता, याबद्दल तो रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायांत त्यांचे आभार मानतो. इफिसांत असतां व पुढें रोमास परतल्यावरहि त्यांच्या घरीं मंडळी जमत असे. त्या काळीं मंडळीला वेगळीं मंदिरें नव्हतीं; ज्या घरांत चूल होती त्याच घरांत प्रभुभोजन होई. घरांतील भांडण आणि मंडळींतील भांडण हीं निरनिराळ्या छपरांखालीं ठेवण्याची सोय तेव्हां नव्हती. खरें पाहतां ती आजहि नाहीं.

४. मंडळींतील नातीं

घरांत जो धडा शिकावयाचा, तोच मंडळींत गिरवावयाचा असतो. फिलिप्पै येथील मंडळींत युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांचें बिनसलें होतें. दोघींनींहि सुवार्तेच्या कामांत पौलाबरोबर श्रम केले होते. त्यांच्या भांडणाचें कारण काय, हें पौल लिहीत नाहीं. चूक कोणाची, हेंहि लिहीत नाहीं. तो विनंतीचें क्रियापद मात्र दोनदां वापरतो, प्रत्येकीसाठीं एकदां. ‘तुम्हां दोघींना’ असें एकत्र म्हणून त्यानें शब्द वांचविला नाहीं. प्रत्येकीला तिचें स्वतःचें वाक्य मिळावें, असा जणूं त्याचा हेतु होता. शिवाय तो एका सोबत्याला त्यांचें साह्य करण्यास सांगतो. न्याय करण्यास सांगत नाहीं.

आपला प्रभु तर याहून सोपा मार्ग सांगून गेला आहे. भावानें अपराध केला तर प्रथम त्याच्याकडे एकट्यानें जा, असा मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील उपदेश आहे. पण आपण शेवटच्या पायरीवर प्रथम चढतों. एका गांवच्या मंडळींत मीं पाहिलेली गोष्ट आहे. मंदिराच्या कौलांसाठीं वर्गणी जमली होती. वार्षिक सभेंत एका जुन्या सभासदांनीं खजिनदारांस सर्वांदेखत विचारलें, “उरलेली रक्कम कोठें गेली?” खजिनदारांनीं दुसऱ्या दिवशीं वही आणून दाखविली. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. विचारणारे गृहस्थ “मग ठीक,” म्हणून घरीं गेले. खजिनदारांचें कुटुंब मात्र त्या दिवसापासून प्रभुभोजनास येईनासें झालें. तीन वर्षें त्यांच्या बांकावर कोणी बसलें नाहीं. आदल्या संध्याकाळीं त्यांच्या ओट्यावर जाऊन वही पाहण्यास पाव तासहि लागला नसता.

शेवटीं तें घर परत आलें, तें सभेच्या ठरावानें नव्हे. त्या वृद्ध सभासदांच्या पत्नी एके दिवशीं खजिनदारांच्या घरीं गेल्या व म्हणाल्या, “सभेंत मीहि बसलें होतें आणि गप्प राहिलें. तेवढें माझें चुकलें.” आपल्या पतीचें चुकलें, असें त्या म्हणाल्या नाहींत, तें वाक्य त्यांचें नव्हतें. पुढच्याच महिन्यांत पति स्वतः गेले.

पाळक व मंडळी यांचें नातेंहि याच नियमानें चालतें. पुढाऱ्यांचें ऐका, असा उपदेश इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायांत आहे. कळपावर धनीपण गाजवूं नका, असा पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आहे. पाळकानें पहिलें वचन मंडळीला, आणि मंडळीनें दुसरें वचन पाळकाला ऐकवीत बसल्यास दोन्ही वचनें खरीं असूनहि मंडळी फुटते. दोघांनीं पुस्तकें बदलून घेतलीं म्हणजे ती सांधते.

५. आपल्या महाराष्ट्रांतील एक घर

हें सर्व इफिस व फिलिप्पै येथें दोन हजार वर्षांपूर्वीं घडलें, आपल्याकडे काय, असें कोणी विचारील. त्यानें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचें चरित्र पाहावें. टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. त्या लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयास राहिल्या, आणि कांहीं वर्षें पति एकीकडे व पत्नी एकीकडे अशीं गेलीं. धर्मांतरामुळें सोडून गेलेल्या जोडीदारापासून ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास विवाह मोडून घेण्याची वाट १८६६ च्या एका कायद्यानें त्या काळीं मोकळी होती. टिळक त्या वाटेला गेले नाहींत.

पुढें लक्ष्मीबाई पतीजवळ येऊन राहिल्या, तेव्हांहि त्यांनीं प्रथम आपला आचार व सोंवळें संभाळलें. तें मोडावें म्हणून त्यांच्यावर सक्ती झाली नाहीं. त्यांनीं स्वतःच्या विचारानें एकेक गांठ सोडविली, आणि १९०० सालीं राहुरी येथें बाप्तिस्मा घेतला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत, विश्वास न ठेवणारी पत्नी आपल्याजवळ राहण्यास राजी असेल तर पतीनें तिला सोडूं नये, असा उपदेश आहे. तो उपदेश टिळकांच्या वाट्याचा होता, आणि तो त्यांनीं वाचला.

हें दांपत्य निर्दोष होतें असें मात्र समजूं नये. टिळक रागीट, विसराळू आणि हातचें राखून न ठेवणारे होते. घरांत रुसवेफुगवे पुष्कळ झाले. ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लक्ष्मीबाईंनीं तें कांहींच लपविलेलें नाहीं, आणि स्वतःचीहि थट्टा केली आहे. तरी त्याच घरांत दुष्काळांतील अनाथ मुलांना आसरा मिळाला. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें पुरें करण्याचा भार लक्ष्मीबाईंनीं उचलला. ज्या पत्नीनें पतीच्या ख्रिस्ती होण्यानें एकेकाळीं आकांत केला होता, तिनेंच त्याचें ख्रिस्तचरित्र शेवटास नेलें. सक्तीनें हें कधीं घडलें असतें काय?

६. स्वाध्याय

पाठ वाचून पुस्तक मिटलें तर तो पाठ झाला नाहीं. म्हणून पुढील गोष्टी या आठवड्यांत करून पाहाव्या.

(१) इफिसकरांस पत्राचा पांचव्या अध्यायाचें एकविसावें वचन ते सहाव्या अध्यायाचें नववें वचन हा भाग पुन्हा वाचा. त्यांतील कोणतें वचन आज आपल्या नांवें आहे, तें वहींत लिहा. मुलांनीं आईबापांसंबंधींचें वचन लिहावें. बापांना लिहिलेलें चौथें वचन बापांसाठीं राहूं द्यावें.

(२) ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे असा कोणी वसतिगृहांत, वर्गांत किंवा मंडळींत असल्यास रविवारच्या आंत त्याच्याकडे एकट्यानें जा. त्याची चूक सांगूं नका. आपल्या वाट्याची तेवढी सांगा.

(३) घरीं गेल्यावर आईच्या कामाकडे एक दिवस लक्ष देऊन पाहा. त्यांतील कोणतें काम कोणी न सांगतां आपण घेऊं शकतों? विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न विद्यार्थिनींकडे ढकलूं नये.

(४) अक्विला व प्रिस्किल्ला यांचे सहा उल्लेख नव्या करारांतून शोधून काढा, आणि प्रत्येक ठिकाणीं तीं कोणत्या गांवीं होतीं तें लिहा.

बालमित्रांनो, आपणांपैकीं बहुतेकांचे विवाह होतील, आणि त्या दिवशीं कोणीतरी हा पाठ वाचील. वाचणारा बाविसाव्या वचनापासून आरंभ करूं लागला, तर पाळकसाहेबांस आधींच नम्रपणें विनंति करून ठेवा कीं, एक वचन मागून वाचावें. मागच्या त्या एका वचनासाठीं फार तर चार क्षण अधिक लागतील. तें न वाचल्यानें माझे आठ दिवस गेले.